शिकागोचा पाठ केलेला दिवस

शिकागोत एक दिवस कसा घालवावा हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगते. सकाळी नऊला मिलेनियम पार्क. तिथे तो आरशासारखा चकचकीत, घराएवढा घेवड्याचा दाणा, त्याला तिथले लोक बीन म्हणतात. साडेदहाला नदीतून बोटीची सैर, दीड तास, दोन्ही काठांवरच्या उंच इमारती बघत. साडेबाराला डीप डिश पिझ्झा. दोनला आर्ट इन्स्टिट्यूट, दारात ब्राँझचे दोन सिंह. साडेचारला तळ्याकाठी फेरफटका, सहाला विलिस टॉवरचा एकशे तिसरा मजला, साडेसातला नेव्ही पियरवर जेवण. मधे एक मिनिट मोकळं नाही. मी शिकागो पाहिलेलं नाही, आणि आता कधी पाहीन ते देव जाणे.

हा दिवस मला माझ्या नवऱ्यानं पाठ करायला लावला. यांचं नाव गुणवंत. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहेत. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली वीस साहेब लोकांच्या दौऱ्यांचे कार्यक्रम मंजुरीला पाठवण्यात गेली. कोण कुठल्या गाडीनं जाणार, किती वाजता पोचणार, दुपारी दोन ते चार काय करणार. यांचा एक नियम आहे, तो मी लग्नापासून ऐकत आलेय: कार्यक्रमात रिकामा तास दिसला की वरचा माणूस शंका काढतो, आणि शंका निघाली की फाईल परत.

मी अलकनंदा. सरकारी हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं नर्स होते, त्यातली सतरा लेबर रूममध्ये. कंबर गेली म्हणून दोन वर्षांपूर्वी ऐच्छिक निवृत्ती घेतली. वॉर्डात माझा आवाज चढला की शिकाऊ डॉक्टर भिंतीला लागून उभे राहायचे. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये मात्र कागद हा यांचा प्रांत. बँक असो, पासपोर्ट असो, शाळेचा दाखला असो, खिडकीवर हे बोलणार आणि मी शेजारी पर्स धरून उभी. मला ते सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर कोण डोकं लावणार त्या फॉर्मांत.

स्वरूपा आमची एकुलती एक. सहा वर्षं झाली शिकागोला आहे, नवरा कौस्तुभ, दोघंही नोकरी करतात. गेल्या वेळी तिचं पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. मी इथं स्वयंपाकघरात उभी, हातात फोन, आणि ती तिकडे हॉस्पिटलातून रडत सांगतेय. हजारभर बायकांचे हात धरलेत मी या हातांनी, आणि पोटच्या पोरीचा हात धरायला तिथे घरचं मोठं बाईमाणूस कोणी नव्हतं. कौस्तुभची आई तो कॉलेजात असतानाच गेली. तेव्हा मी स्वरूपाला शब्द दिला की पुढच्या वेळी मी असेन. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात तारीख आहे. म्हणजे मला जायचं होतं ते बाळंतपणाला. सिंह बघायला नाही.

पण हे साधं सरळ वाक्य आमच्या घरात टिकलं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे टिपणीस चहाला आले. भालचंद्र टिपणीस, रेल्वेतून रिटायर व्हायला आलेले, मुलगा कुठेतरी टेक्सासला. एकदा तिकडे जाऊन आले तेव्हापासून व्हिसा या विषयात आपल्यापुढे कुणी नाही, असं त्यांना वाटतं.

"वहिनी, डिलिव्हरी हा शब्द बिल्कुल काढायचा नाही," टिपणीस म्हणाले. "त्यात तुम्ही नर्स. म्हणजे फुकटची आया म्हणून राबायला चाललात, असंच धरतात ते. टुरिझम म्हणायचं. शिकागो बघायचं आहे, बस्स."

"आणि विचारलं तर?" मी म्हणाले.

"नाही म्हणायचं. काय ते तिकडे येऊन पोट बघणार आहेत?"

"खरं सांगितलं तर काय होईल पण?"

त्यावर दोघंही हसले. यांच्याकडे बघून टिपणीस हसले, आणि टिपणीसांकडे बघून हे. जणू मी ऑपरेशनला चिमट्याऐवजी सांडशी द्या म्हटलं होतं. मला तेव्हाच राग आला होता. पण मी उठले, कप गोळा केले आणि आत गेले. एवढंच केलं मी.

दुसऱ्या दिवसापासून यांनी फाईल उघडली. निळ्या रंगाची, दोरी बांधायची, खात्यातली असते तशी. त्यात पेन्शनचे कागद, क्वार्टरचं अलॉटमेंट, यांच्या ऑफिसची एनओसी, आणि सगळ्यात वर 'शिकागो शहर दर्शन, दिवस पहिला'. असे चौदा दिवस होते. पण पहिला सगळ्यात महत्त्वाचा, कारण हे म्हणाले, "ऑफिसर लोक पहिलं पान नीट वाचतात. पुढचं नुसतं चाळतात."

मी तो दिवस सकाळी पोळ्या लाटताना म्हणत होते, संध्याकाळी सेक्टरच्या पार्कात फेऱ्या मारताना म्हणत होते. हे मागून यायचे आणि विचारायचे, "आफ्टर लंच, मॅडम?" मी म्हणायचे, "आर्ट इन्स्टिट्यूट." मग बेंचवरच्या पंजाबी आज्या माझ्याकडे बघायच्या. साठीला आलेला माणूस बायकोला इंग्रजीत प्रश्न विचारत पार्कात फिरतोय, त्यांना काय वाटलं असेल.

आणि मग तो रविवार. डिसेंबरातला शेवटचा. हे म्हणाले, "नुसतं तोंडपाठ दिसतं. अनुभव घेतल्यासारखं बोलता आलं पाहिजे. चलो, आज आपण अख्खा दिवस शिकागो करू." मला वाटलं चेष्टा करतायत. कुठली चेष्टा. स्वेटर, मफलर, हातात फाईलीतल्या पानाची झेरॉक्स. आम्ही मेट्रोनं राजीव चौकला उतरलो आणि कनॉट प्लेसच्या आतल्या गोलाला दोन फेऱ्या मारल्या, कारण शिकागोच्या मधोमधही असाच गोल फिरणारा रेल्वेचा भाग आहे म्हणे, त्याला लूप म्हणतात. मधल्या बागेत झेंड्याखाली थांबून हे म्हणाले, "हा बीन." मी झेंड्याकडे बघितलं.

जेवायला मला महाराष्ट्र सदनात जायचं होतं. चार महिन्यांत गेलो नव्हतो, थालीपीठ खायची इच्छा होती. पण कार्यक्रमात पिझ्झा होता. पिझ्झा आला तर हे म्हणाले, "हा पातळ आहे. डीप डिश म्हणजे भाकरीएवढा जाड असतो आणि सॉस वरती असतो, लक्षात ठेव." मग जनपथवरचं म्युझियम म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट. दारात सिंह नव्हते, त्यामुळे हे जरा खट्टू झाले. तोपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती. शेवटी इंडिया गेटच्या बाजूला पाणी आहे तिथे बसलो, बोटी चालतात त्या ठिकाणी. हा लेक मिशिगन.

तिथे मात्र मला थोडं बरं वाटलं, कबूल करते. ऊन कोवळं होतं, धुकं वर गेलं होतं. समोर एक बाई बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन फिरत होती, आणि मला एकदम दिसलं की मी अशीच तिथल्या तळ्याकाठी फिरतेय, बाळाचं टोपरं सारखं करतेय, स्वरूपा मागून हळूहळू येतेय, टाके दुखतात म्हणून. पाच मिनिटं मी त्या दिवसात होते. मग मला कळलं, यांच्या कागदात असं काही नाहीच.

"तुमच्या या दिवसात स्वरूपा कुठे आहे?" मी विचारलं.

हे कागद बघायला लागले. खरंच, वरपासून खालपर्यंत बघितलं यांनी. "ती ऑफिसला असेल ना," म्हणाले. "वर्किंग डे धरलाय मी."

"आपण पोरीला भेटायला बारा हजार किलोमीटर जायचं, आणि पहिल्या दिवशी सकाळी नऊला घेवड्याचा दाणा बघायचा?"

"अगं, हे दाखवायला आहे. तिथे गेल्यावर तू तुझं काय ते कर."

"मग मी दाखवू तरी कशाला? मी सरळ सांगते ना, मुलीचं बाळंतपण आहे म्हणून."

"अलका, प्लीज," हे म्हणाले. "वीस वर्षं मी हेच काम करतोय." आणि तो विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपतात. मी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही, आणि यांना वाटलं मी मनातल्या मनात पाठ करतेय.

व्हिसाची मुलाखत वीस जानेवारीला अमेरिकन दूतावासात होती. आदल्या संध्याकाळी स्वरूपाच्या ऑफिसचं पत्र आलं. यांनीच मागवलं होतं, मुलगी नोकरी करते याचा पुरावा म्हणून. मार्केटातून प्रिंट काढून आणलं, त्यावर पेन्सिलीनं पान नंबर सत्तेचाळीस लिहिला, पिवळी चिठ्ठी लावली आणि दोरी बांधून टाकली. मी विचारलं, "काय लिहिलंय?" तर म्हणाले, "लेटरहेड आहे, सही आहे, ठीक आहे." आता यांच्या खात्याची ही रीत ज्याला माहीत नाही त्याला पटणार नाही. खालून वर आलेला कागद वाचायचा नसतो. खालच्या माणसानं वाचलाय असं धरायचं, सही आहे की नाही बघायची, नंबर टाकायचा आणि वर पाठवायचा. वीस वर्षं असेच कागद गेले यांच्या हातून. एकही परत आला नाही, असं ते अभिमानानं सांगतात.

सकाळी दहाची वेळ होती. फोन बाहेर जमा करावे लागले. आत लांबलचक रांग, थंडीनं सगळे हात चोळतायत, प्रत्येकाच्या हातात फाईल, पण आमच्याएवढी जाड कुणाचीच नाही. आमच्या पुढे एक सरदारजी होते. त्यांच्याकडे कागद कसले, नुसता पासपोर्ट. हे माझ्या कानाशी म्हणाले, "बघ, तयारीच नाही." सरदारजी हसत बाहेर आले. व्हिसा मिळाला होता.

खिडकीत काचेपलीकडे एक तिशीची मुलगी होती, केस वर बांधलेले, डोळे झोप न झाल्यासारखे. हिंदी बोलत होती, सावकाश, पण चांगली. आधी यांना विचारलं, कशासाठी जाताय. हे इंग्रजीत सुरू झाले, "टुरिझम, मॅडम, वी हॅव प्रिपेअर्ड अ डिटेल्ड प्रोग्रॅम," आणि तिनं मागितलेली नसताना फाईल खालच्या फटीतून आत सरकवली. ती फटीत अडकली. यांनी ढकलली. तिनं नाइलाजानं पलीकडून ओढून घेतली.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आप शिकागो में क्या देखेंगी?"

मी म्हटलं सगळं. नऊपासून साडेसातपर्यंत, मिलेनियम पार्क ते नेव्ही पियर, न अडखळता. माझाच आवाज मला शाळेतल्या पोरीसारखा ऐकू येत होता. मी बोलत असताना ती फाईलीतली पानं उलटत होती, आणि हे खुशीत मान हलवत होते. ती पिवळ्या चिठ्ठीपाशी थांबली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"आप नर्स थीं?" तिनं विचारलं.

"हाँ जी."

"कौन से वॉर्ड में?"

"लेबर रूम."

ती जरा हसली. मला आवडलं तिचं हसणं. "बेटी के बच्चे हैं?"

"जी नहीं."

"अभी प्रेग्नंट हैं?"

हे लगेच मधे बोलले, "नो, नो मॅडम, नथिंग लाइक दॅट. ओन्ली साइटसीइंग."

"सर," ती म्हणाली, आवाज न चढवता, "मैं इनसे पूछ रही हूँ." आणि पुन्हा माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारला, अगदी हळू.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "जी नहीं."

तिनं फाईलीतलं ते पान काढलं आणि आमच्या बाजूला फिरवून काचेला लावलं. मला इंग्रजी येतं. पहिल्या परिच्छेदात स्वरूपाचं पद आणि किती वर्षं काम करते ते. दुसऱ्यात, ती दोन मार्चपासून बाळंतपणाच्या रजेवर असेल, आणि तिची प्रकृती जपावी लागत असल्यानं या काळात तिची आई सोबत असणं गरजेचं आहे. खाली सही. वर पेन्सिलीनं सत्तेचाळीस.

"आय ॲम सॉरी," ती म्हणाली. तिनं आमचे पासपोर्ट परत दिले आणि एक छापील कागद दिला. पुन्हा अर्ज करता येईल, म्हणाली, पण आजचं उत्तर नोंदवलं जाईल. फाईल फटीतून परत आली, तेव्हाही अडकली. पुढची मोकळी तारीख यांनी बाहेर आल्या आल्या फोनवर बघितली. ऑगस्टातली होती.

रिक्षात बसल्यावर मी सुरू झाले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, रिक्षावाल्यानं आरसा आमच्यावरून बाजूला फिरवला एवढं सांगते. "तुम्हाला एक पत्र वाचता आलं नाही? मुलीच्या ऑफिसचं पत्र, चार ओळींचं? दोन महिने मला पोपटासारखं पढवलंत, कनॉट प्लेसला गरागरा फिरवलंत, आणि ज्या एका कागदावर खरं लिहिलं होतं त्यावर नंबर टाकलात?"

"लेटरहेड होतं ना," हे म्हणाले. "मला काय माहीत ती आत काय लिहून घेईल."

"न मागता फाईल आत ढकललीत का मग?"

"कम्प्लीट असावी म्हणून."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एरवी मला दया आली असती. तेव्हा नाही आली. मला वाटत होतं की ती फाईल घ्यावी आणि भर रस्त्यावर भिरकावून द्यावी, एकेक पान नंबरासकट.

घराच्या जिन्यात टिपणीस उभेच होते, जसे काही परीक्षेचा निकाल ऐकायला. "काय वहिनी, झालं?" मी म्हटलं, "झालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे नाही म्हटलं. माझ्या तोंडानं माझ्या नातवंडाला नाही म्हटलं. आता तुम्ही वर जा आणि पुन्हा माझ्याकडे चहाला येऊ नका." टिपणीस आ वासून उभे राहिले. हे मागून म्हणाले, "ती जरा अपसेट आहे, भालचंद्रजी." मी दार लावून घेतलं.

दुपारी मी स्वयंपाकाला लागले. डाळ करपली, तशीच वाढली. यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. साडेपाचला हे माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "स्वरूपाला सांगायचं कसं, त्याचा मी विचार केलाय. हल्ली खूप जणांना नाकारतात, लॉटरीच आहे, असं म्हणू. त्यात खोटं काही नाही. या दिवसांत तिला आणखी त्रास नको."

म्हणजे दुसरा कार्यक्रम तयार होता. मी यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही," मी म्हटलं. "मी सांगणार आहे. जे झालं ते."

सात वाजता फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. स्वरूपा पडद्यावर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण, आणि हसतच म्हणाली, "बोल ना, मिळाला ना?" मी नाही म्हटलं. मग सांगितलं. टिपणीसांचं, चौदा दिवसांच्या कार्यक्रमाचं, पान सत्तेचाळीसचं. तिच्या बाबांनी पत्र न वाचता फाईलला कसं लावलं, हे मी दोनदा सांगितलं. हे शेजारी बसून होते, पडद्यात येणार नाही अशा बेतानं.

स्वरूपानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी एचआरला मुद्दाम लिहायला लावलं होतं ते. डॉक्टरची चिठ्ठी दिली त्यांना. मी बाबांना मेसेजही केला होता, खरं सांगा म्हणून. आमच्या ग्रुपमधल्या तिघींच्या आया खरं सांगूनच आल्यात."

मी यांच्याकडे वळले. "मेसेज आला होता?"

हे जमिनीकडे बघत होते. "आला होता. मला वाटलं, तिला काय कळतं इथलं."

माझा आवाज वॉर्डातल्यासारखा चढला. "तुम्हाला तिनं सांगितलं होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? पोटुशी पोर तिथून हात जोडतेय आणि तुम्ही इथं मला पिझ्झाची जाडी शिकवताय? कोण समजता तुम्ही स्वतःला? माझा जीव जळतो हो तुमच्या या हुशारीनं. बत्तीस वर्षं जळतोय."

"आई," स्वरूपा म्हणाली. "आई, थांब. बाबांचं राहू दे."

"काय राहू दे? या माणसानं..."

"तिथे विचारलं कुणाला?" ती म्हणाली. "त्या बाईनं. मी प्रेग्नंट आहे का, हे तिनं कुणाला विचारलं?"

मी म्हणाले, "आम्ही दोघंही उभे होतो."

"मी ते विचारत नाहीये."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. इतका वेळ मी सगळं सांगितलं होतं, अगदी फटीत फाईल कशी अडकली तेही, आणि एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते राहिलं नव्हतं, मी ते वगळलं होतं.

"ठीक आहे," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मला तयार व्हायचंय. डॉक्टरकडे जायचंय." आणि पडदा काळा झाला.

यांनी हात पुढे केला. "दे इकडे फोन. मी समजावतो तिला. म्हणतो, आई घाबरली होती."

मी फोन दिला नाही. "मी घाबरले नव्हते," मी म्हटलं. "मी तुमच्याकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"अगं पण..."

"बाहेर जा."

हे गेले. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. चौथ्यांदा कौस्तुभनं उचलला. हळू आवाजात म्हणाला, "आई, ती रडतेय हो. नंतर बोलूया ना."

"तिला बोलायचं काहीच नाही," मी म्हटलं. "नुसता तिच्या कानाला लाव. बोलणार मी आहे."

थोडा वेळ खुडबुड झाली. कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला. मग श्वास ऐकू आला, नाक चोंदलेला, आणि मला कळलं की फोन तिच्याकडे आहे.

"स्वरूपा," मी म्हणाले, "मला विचारलं होतं. दोनदा विचारलं. तुझ्या बाबांना गप्प बसवून मला विचारलं, माझ्या डोळ्यांत बघून. आणि मी नाही म्हणाले. त्यांनी नाही. मी."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तिनं फोन ठेवला नाही.